वचन मोडणारा ट्रेजन आणि टर्न अडवून बसलेली डायडो

वाचकाचं पत्र:

नमस्कार,

आम्ही चौघं मित्रमैत्रिणी गेलं वर्षभर ‘सिव्हिलायझेशन ६’ या राज्य उभारण्याच्या संगणक खेळाचा एकच डाव इंटरनेटवरून खेळतोय. ज्याची टर्न असेल तो सवडीनं खेळतो आणि पुढच्याला कळवतो. सुरुवातीलाच ठरलं होतं की नुसतं जिंकायला खेळायचं नाही, प्रत्येकानं आपल्या राजाच्या भूमिकेत राहायचं. माझ्याकडे फिनिशियाची राणी डायडो आहे. तिचा स्वभाव मी मनाशी पक्का केलाय: व्यापारी वृत्तीची, शब्द पाळणारी, आधी हात न उचलणारी. एका मित्राकडे रोमचा ट्रेजन आहे. डायडोच्या नावानं मी लिहिलेल्या पत्राला उत्तर देताना त्यानं तीस टर्न हल्ला न करण्याचं लेखी वचन दिलं होतं. वीस टर्न झाल्या आणि त्याच्या सैन्यानं माझी दोन बंदराची शहरं घेतली. विचारलं तर म्हणाला, ‘हे ट्रेजननं केलं, मी नाही.’ मला खरोखर राग आला. तेव्हापासून माझी टर्न तशीच पडून आहे आणि बाकीचे खोळंबलेत.

दुसरा मित्र म्हणतो, युद्धात रोलप्ले करणं, म्हणजे भूमिकेत राहून खेळणं, हा वेडेपणा आहे, तिथे फक्त आकडे बघायचे. तो बरोबर असेल अशी मला भीती वाटते. कारण एकटी संगणकाविरुद्ध खेळते तेव्हाही युद्ध सुरू झालं की माझी डायडो गायब होते. मी शहरं जाळत सुटते आणि युद्ध संपल्यावर तिच्या नावानं चार ओळी लिहायला बसलं तर सुचत नाही. मी आता जशास तसं वागू का? भूमिका सोडून देऊ? की डावच सोडू?

— टर्न अडवून बसलेली

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

आधी रागाचं बोलू, कारण टर्न अडली आहे ती त्याच्यामुळे. तुमचा राग मला रास्त वाटतो. वर्षभर पत्रं लिहून उभं केलेलं काहीतरी एका टर्नमध्ये मोडलं, आणि मोडणाऱ्यानं स्वतःच्याच राजाकडे बोट दाखवून अंग काढून घेतलं. ‘हे ट्रेजननं केलं’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. ट्रेजन काय करील हे ठरवणारा माणूस एकच होता. राजाचा स्वभाव आपण निवडतो, त्या स्वभावापायी समोर बसलेल्या मित्राला जे सोसावं लागतं तेही मग आपल्याच खात्यावर जमा होतं.

पण तुमच्या पत्रात एक गोष्ट मी शोधली आणि सापडली नाही. राजांनी एकमेकांना दिलेला शब्द मोडता येतो की नाही, हे चौघांत कधी बोललं गेलं होतं का? ॲलन कॅलहॅमर यांचा ‘डिप्लोमसी’ हा पटावरचा खेळ १९५९ सालापासून खेळला जातोय. पहिल्या महायुद्धाआधीच्या युरोपातल्या सात सत्ता सात जण वाटून घेतात, बाजूला जाऊन एकमेकांशी करार करतात, मग प्रत्येक जण आपले हुकूम गुपचूप लिहितो आणि सगळ्यांचे हुकूम एकदम उघडले जातात. कुठलाच करार नियमानं बांधलेला नसतो. तिथेही दगा झाला की माणसं दुखावतात, पण दगा होऊ शकतो हे पटाला बसण्याआधीच सगळ्यांना माहीत असतं. तुमच्या गटात हे कुणी बोललंच नाही असं दिसतं. तुमच्या लेखी वचन हा नियम होता आणि त्याच्या लेखी तो डावपेच होता. इथे दोघांचं जे चुकलं ते हल्ल्याच्या कितीतरी आधी, पहिलं पत्र लिहिलं गेलं तेव्हा.

म्हणून त्याला फोन करा आणि स्वतःच्या नावानं बोला, डायडोच्या नावानं बोलू नका. वाईट वाटलं हे सरळ सांगा. फोनवर बंदरं परत मागू नका. ती अशी परत मिळाली तर वर्षभरातली सगळ्यात जिवंत घटना डावातून पुसली जाईल, आणि पुढे कुणाच्याही हल्ल्याला अर्थ उरणार नाही. मागायचं ते वेगळं आहे. इथून पुढे गटात दोन प्रकारचे शब्द असावेत. राजानं राजाला दिलेला शब्द मोडता येईल, त्याचे परिणाम डावात भोगावे लागतील. खेळाडूनं खेळाडूला दिलेला शब्द मात्र मोडायचा नाही, आणि कुठला शब्द कुठल्या प्रकारचा हे देतानाच सांगायचं. एवढं ठरलं तर ट्रेजनला पुन्हा दगा देता येईल आणि तरी तुमची मैत्री शाबूत राहील.

त्याला आणखी एक विचारा: ट्रेजनला ती बंदरं कशाला हवी होती? तुमच्या आरमाराची धास्ती वाटली, समुद्रावर पाय ठेवायला जागा हवी होती, दरबारातले सेनापती अधीर झाले होते, असं काहीही चालेल. त्याच्याजवळ असं उत्तर असेल तर तो भूमिकेतच होता आणि तुम्हाला एक खरा शत्रू मिळाला आहे. ‘बंदरांत फौज नव्हती, दिसली म्हणून घेतली’ एवढंच उत्तर आलं, तर भूमिका सोडली ती त्यानं, आणि हे तुम्ही त्याला आपुलकीनं सांगू शकता.

आता आकडेवाल्या मित्राकडे येते. युद्धात रोलप्ले हा वेडेपणा असता तर रोलप्ले जन्मालाच आला नसता, कारण तो युद्धाच्या खेळांतूनच आला. प्रशियात राइसविट्झ बापलेकांनी ‘क्रीगश्पील’ नावाचा नकाशावरचा युद्धखेळ घडवला. मुलानं १८२४ साली त्याला जे रूप दिलं ते लष्करानं अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचललं. त्यात मध्ये एक पंच बसायचा आणि प्रत्येक खेळाडूला त्याच्या हुद्द्याच्या माणसाला रणांगणावर जेवढं कळलं असतं तेवढंच सांगायचा. टेकडीपलीकडचं तुम्हाला दिसत नाही कारण तुमच्या अधिकाऱ्याला ते दिसत नाही. भूमिका इथेच सुरू झाली. पुढे १९६९ साली अमेरिकेत डेव्हिड वेस्ली यांनी नेपोलियनच्या काळातला एक डाव मांडला. ब्राउनश्टाइन नावाचं कल्पित जर्मन गाव, दोन्हीकडच्या फौजा येऊ घातलेल्या. त्यांनी सेनापतींच्या जोडीला गावाचा महापौर, बँकवाला, विद्यापीठाचा प्रमुख अशा भूमिकाही लोकांना वाटून दिल्या. खेळाडू लढाई विसरून आपापसात कारस्थानं करत बसले. वेस्लींना वाटलं डाव फसला, पण खेळणाऱ्यांनी पुन्हा तसाच डाव मागितला. त्याच मंडळींतल्या डेव्ह आर्नेसन यांनी हा धागा पुढे नेला, गॅरी गायगॅक्स यांच्या हातात तेव्हा मध्ययुगीन लढायांचे नियम होते, आणि दोघांचा मिळून १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा रोलप्लेचा खेळ बाजारात आला. म्हणजे माणसं रणांगणाभोवती जमली होती आणि तिथेच एकेकाला वाटलं की आपण कुणीतरी असावं.

त्या मित्राचं अर्धं म्हणणं मात्र मी उचलून धरीन. आकडे बघायचेच. जी राणी सैन्याचा हिशोब करत नाही ती आपलीच माणसं मारते, आणि शब्दाला जागणाऱ्या डायडोला ते शोभत नाही. हिशोब झाल्यावर काय करायचं, तिथे डायडो लागते.

तुमचा खरा प्रश्न मला एकटीनं खेळतानाचा वाटतो. ट्रेजननं हल्ला केला नसता तरी तो उरलाच असता. शांततेच्या काळात जवळजवळ प्रत्येक टर्नला चार रास्त पर्याय असतात. ट्रेड रूट म्हणजे व्यापाराचा मार्ग कुठे न्यायचा, जगातल्या आश्चर्यांपैकी कुठलं बांधायचं, कुणाला दूत पाठवायचा, यातलं बरोबर उत्तर कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून ती जागा स्वभाव भरून काढतो. युद्धात तसं राहत नाही. या मालिकेत पाचव्या भागापासून नकाशाच्या एका षटकोनी घरावर लढणारं एकच युनिट, म्हणजे एकच तुकडी, उभी राहू शकते, त्यामुळे लढाई हे जागेचं कोडं होऊन बसतं. नदी कुणी ओलांडायची, दगड फेकणारं कॅटपल्ट टेकडीमागे किती लांब ठेवायचं, जखमी तुकडी कुठे मागे घ्यायची, याला बहुतेक वेळा एक चांगलं उत्तर असतं आणि बाकीची वाईट. मन त्या कोड्यात शिरतं आणि तास दीड तास बाहेरच येत नाही. यात तुमचा दोष नाही आणि तिथे डायडोला ओढून आणण्याची गरजही नाही. कॅटपल्ट कुठे ठेवावं याला स्वभाव नसतो.

स्वभाव लागतो तो युद्धातल्या मोजक्या जागी. युद्ध जाहीर करताना. उद्दिष्ट ठरवताना. शहर हाती आल्यावर, जेव्हा खेळ स्वतःच थांबून विचारतो की ठेवायचं की जाळायचं. समोरून तहाचा प्रस्ताव येतो तेव्हा. मित्रराष्ट्र अडचणीत येतं आणि आपलं सैन्य दुसऱ्या टोकाला असतं तेव्हा. आणि थांबायचं की पुढचंही शहर घ्यायचं हे ठरवताना. एवढ्या जागी हात माउसवरून उचला आणि डायडोच्या नावानं दोन ओळी लिहा, मग बटण दाबा. तुम्ही युद्ध संपल्यावर लिहायला बसता म्हणून सुचत नाही. तेव्हा निर्णय होऊन गेलेले असतात आणि लिहिणाऱ्याला उरतं फक्त समर्थन.

यातलं सगळ्यात मोलाचं लिखाण युद्ध सुरू होण्याच्या आधीचं. डायडोला काय हवंय, काय मिळालं की ती थांबेल, आणि काहीही झालं तरी काय करणार नाही, हे तीन वाक्यांत लिहून ठेवा. माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे. युद्धात राजा हरवतो तो बहुधा त्याचं उद्दिष्ट वाढत जातं म्हणून. पहिलं शहर घेतलं की तिथून दुसरं जवळ येतं, फौज अनुभवी झालेली असते, समोरच्याचं सैन्य उडालेलं असतं, आणि खेळाचा सगळा ओघ ‘आणखी एक’ म्हणत राहतो. त्या ओघाला अडवणारी एकच गोष्ट तुमच्याकडे आहे, ती म्हणजे तुम्ही आधी लिहून ठेवलेलं वाक्य.

कौटिल्यानं अर्थशास्त्राच्या सातव्या अधिकरणात राजाचे सहा मार्ग सांगितलेत: संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव. म्हणजे तह करणं, वैर धरणं, आपल्या जागी दबून वाट बघणं, चढाई करणं, बलवानाचा आसरा घेणं, आणि एकाशी तह ठेवून दुसऱ्याशी लढणं. आपण खेळायला बसलो की यातले दोन वापरतो आणि बाकीचे चार विसरतो. लगेच पुढे तो म्हणतो की तह आणि युद्ध दोन्हींतून सारखाच लाभ होणार असेल तर तह करावा, कारण युद्धाला क्षय, व्यय, प्रवास आणि प्रत्यवाय चिकटलेले असतात. हे चारही तुमच्या डावात जसेच्या तसे आहेत. युनिट्स मरतात तो क्षय. बाजारपेठेऐवजी तलवारी बनतात तो व्यय. घरापासून दूर गेलेली फौज म्हणजे प्रवास, आणि परक्या हद्दीत लढल्यानं प्रजेला येणारा युद्धाचा शीण स्वतःच्या हद्दीतल्यापेक्षा जास्त साठतो, हेही खेळात मांडलेलं आहे. प्रत्यवाय म्हणजे पदरी पडणारं अनिष्ट, ते तक्रारींच्या रूपानं समोर येतं. ‘गॅदरिंग स्टॉर्म’ या २०१९ सालच्या विस्तारापासून अचानक हल्ला केला तर १५० ग्रीव्हन्सेस, म्हणजे तक्रारी, साठतात आणि आधी जाहीर निषेध करून पाच टर्ननंतर रीतसर युद्ध पुकारलं तर १००. संगणकाविरुद्ध खेळताना माझी तुम्हाला मनापासून विनंती आहे की डायडोला कायम रीतसर युद्धच पुकारू द्या. पाच टर्न शत्रूला तयारीला मिळतील, मिळू देत. एवढा तोटा सोसूनही ती तशीच वागते हे तुम्हाला स्वतःला दिसेल, आणि मग पुढच्या प्रसंगात ती काय करील याचा विचार आपोआप येऊ लागेल.

उद्दिष्ट लहान असलं की काय होतं आणि सर्वनाशाचं असलं की काय होतं, हे तुमच्या दोघांच्या राज्यांच्या इतिहासातच आहे. दंतकथेप्रमाणे डायडोनं वसवलेलं कार्थेज आणि रोम यांच्यात तीन युद्धं झाली. पहिलं इ. स. पू. २६४ ते २४१, त्यात कार्थेजला सिसिली सोडावी लागली आणि खंडणी भरावी लागली. दुसऱ्या युद्धाच्या शेवटी इ. स. पू. २०२ मध्ये झामाला कार्थेजचा सेनापती हॅनिबल हरला. मग तह झाला त्यात कार्थेजकडे फक्त दहा लढाऊ गलबतं राहिली, हत्ती गेले, १०,००० टॅलेंट (वजनाचं जुनं माप) चांदी पन्नास वर्षांत द्यायची ठरली आणि रोमच्या परवानगीशिवाय लढायची बंदी आली. आपण खेळताना असा तह आला असता तर जुना सेव्ह, म्हणजे आधी साठवून ठेवलेला डाव, उघडला असता. कार्थेजनं तो स्वीकारला आणि व्यापाराच्या जोरावर इतक्या लवकर सावरलं की दहाएक वर्षांतच उरलेली सगळी रक्कम एकदम द्यायची तयारी दाखवली. रोमनं ती नाकारली. तिसऱ्या युद्धात मात्र रोमला काही मिळवायचं नव्हतं, कार्थेज नाहीसं करायचं होतं, आणि इ. स. पू. १४६ मध्ये शहर जाळून उरलेल्यांना गुलाम केलं गेलं. तुमच्या डायडोला मी त्या मधल्या काळाच्या कार्थेजमध्ये बघते: सैन्यात हरलेली, कर्ज फेडणारी, आणि शत्रूला तरीही अस्वस्थ करणारी.

म्हणून ‘जशास तसं वागू का’ याला माझं उत्तर नाही असं आहे. नैतिकतेचा मुद्दा घडीभर बाजूला ठेवू. जशास तसं हे ट्रेजनचं उत्तर झालं. डायडोजवळ तिची स्वतःची उत्तरं आहेत आणि खेळ रचणाऱ्यांनी ती तिच्या गुणांत घालून ठेवली आहेत. दंतकथेतली डायडो भावानं नवऱ्याला मारल्यावर टायर हे आपलं शहर सोडून जहाजांनिशी निघाली आणि परक्या किनाऱ्यावर नवं शहर वसवलं. म्हणजे तिच्या आयुष्यातला पहिला मोठा निर्णय निघून जाण्याचा होता, सूड घेण्याचा नव्हे. खेळात याचाच अवतार म्हणून तिला राजधानी हलवता येते. ज्या शहरात कोथॉन हे तिचं खास बंदर आहे तिथे तो प्रकल्प पूर्ण केला की ते शहर राजधानी होतं. तुमच्याकडे दुसऱ्या खंडावर असं शहर असेल तर तिकडे दरबार हलवायचा विचार करा. फिनिशियानं वसवलेली किनाऱ्यावरची शहरं राजधानीच्याच खंडावर असली तर पूर्ण निष्ठावान राहतात, त्यामुळे हा निर्णय फुकटचा नाही. एका खंडाला धरून ठेवताना दुसऱ्याला थोडं मोकळं सोडावं लागतं. त्या एका निर्णयावर तुम्ही पानभर पत्र लिहू शकाल.

हरलेल्या बंदरांचंही असंच. घेतलेल्या शहरावर नऊ षटकोनांच्या आतल्या सगळ्या वस्तीचा दाब पडतो. आसपास तुमची शहरं भरभरून वसलेली असतील तर त्या बंदरांची रोमवरची निष्ठा घसरत जाईल. ती शून्यावर आली की शहर आधी स्वतंत्र होतं आणि मग ज्याचा प्रभाव जास्त त्याच्याकडे झुकतं. जवळच्या शहरात गव्हर्नर बसवा, वस्ती वाढवा, ट्रेजनला तिथे गव्हर्नर आणि फौज अडकवून ठेवायला लावा. कोथॉन असलेल्या शहरात आरमार आणि सेटलर्स (नवी शहरं वसवणारी माणसं) बनवायला पन्नास टक्के जादा उत्पादन मिळतं, म्हणून समुद्र तुमच्या ताब्यात ठेवणं त्याच्यापेक्षा तुम्हाला स्वस्त पडेल. त्याचे समुद्री ट्रेड रूट लुटा, लीजन या रोमच्या खास पायदळाच्या अंगावर जमिनीवरून जाऊ नका. आणि बाकीच्या दोघांना त्याचं मोडलेलं वचन दाखवा. तीस टर्नच्या त्या वचनपत्रावर त्याची सही आहे. माणसांच्या डावात याहून मोठं शस्त्र तुमच्याकडे दुसरं नाही, आणि ते वापरायला भूमिका सोडावी लागत नाही.

काळाचा एक पेच मात्र सोडवून घ्या, कारण पत्रं लिहिणाऱ्याला तो कधी ना कधी अडवतोच. नेहमीच्या वेगाच्या डावात सुरुवातीची एक टर्न चाळीस वर्षांची असते. दहा टर्नचा वेढा म्हणजे चारशे वर्षं झाली. एकच डायडो एवढं जगत नाही. मी तिला माणूस न धरता गादीचं नाव धरीन. प्रत्येक युगात नवी डायडो गादीवर येते, मागच्या डायडोचे करार आणि कर्ज तिच्या गळ्यात असतात, पण स्वभाव थोडा वेगळा असू शकतो. तुमच्या बंदरांच्या पाडावानंतर येणारी डायडो पहिलीपेक्षा कठोर असेल, कदाचित करारावर ओलीस मागणारी असेल. असा बदल झाला तर तो बिनघोर होऊ द्या, फक्त तो कशामुळे झाला हे बाकीच्यांना तिच्या पत्रातून कळू द्या. ही कल्पना आवडली तर ‘ओल्ड वर्ल्ड’ हा खेळ जरूर बघा. त्यात एक टर्न एका वर्षाची असते, राजा म्हातारा होतो, मरतो, आणि बापानं सुरू केलेलं युद्ध वेगळ्याच स्वभावाच्या वारसाच्या हाती येतं.

भूमिकेत राहिल्यानं डाव हरायला होतं का? कधी कधी होतं, आणि हे मी लपवणार नाही. म्हणून एकटीनं खेळताना अवघडपणाची पातळी भूमिकेला साजेशी ठेवा. प्रिन्स पातळीवर संगणकाला वरकड काही मिळत नाही. सगळ्यात अवघड अशा डीइटी पातळीवर तो तीन सेटलर्स घेऊन सुरुवात करतो, तिथे तुम्ही स्वतःवर घातलेलं प्रत्येक बंधन जिवावर येतं आणि चौथ्या-पाचव्या संकटाला डायडो खिडकीबाहेर फेकली जाते. प्रिन्स किंवा किंग पुरे. आणि युद्ध सुरू झाल्यावर जुना सेव्ह उघडायचा नाही. ‘एक्सकॉम’ या शिपायांच्या तुकडीच्या संगणक खेळाच्या २०१२ सालच्या भागात आयर्नमॅन म्हणून याचीच सोय केलेली आहे: एकच सेव्ह, मेलेला शिपाई मेला. नावानिशी ओळखीचा झालेला शिपाई अशा डावात गेला की लोक तो वर्षानुवर्षं विसरत नाहीत. सेव्ह उघडून वाचवलेला शिपाई कुणाच्याच लक्षात राहत नाही. तुमच्या सेनापतींनाही नावं द्या, निदान वहीत तरी.

‘शहरं जाळत सुटते’ असं तुम्ही लिहिलंत. त्याबद्दल एवढंच, की जाळण्याची परवानगी तीन वाक्यांतल्या तिसऱ्यात आधी द्या किंवा नाकारा. ऐन वेळी तो प्रश्न डायडोला विचारूच नका, कारण तेव्हा उत्तर तुम्ही देता आणि नाव तिचं पुढे होतं.

आता टर्न घ्या. चौघं वाट बघणारे आहेत त्यात तुम्हीही आलात. पण फोन आधी करा, आणि राजाचा शब्द, खेळाडूचा शब्द हे उरलेल्या दोघांशीही त्याच दिवशी बोलून घ्या. आकडेवाल्या मित्राला पत्रं लिहायची सक्ती करू नका. त्याचा राजा अबोल आणि हिशोबी आहे असं धरून चालता येईल, तसे राजे इतिहासात भरपूर झालेत.

मग ट्रेजनला डायडोचं पत्र जाऊ द्या. त्यात शिव्याशाप नकोत. मोडलेल्या वचनाची प्रत जोडा, दोन बंदरांपैकी एकच मागा, आणि ते दिलं तर दुसरं तहात कायमचं लिहून देण्याची तयारी दाखवा. तहाच्या पडद्यावर तुम्ही शहर सोडून दिल्याची नोंद त्याला हवीच असणार, त्यामुळे हा देकार पोकळ नाही. तो कुठली मागणी मान्य करतो यावरून ट्रेजनला खरोखर काय हवं होतं तेही कळेल. युद्ध पुकारल्यापासून दहा टर्न खेळ कुणालाच तह करू देत नाही, म्हणून उत्तराची मुदत तेवढीच ठेवा. तेवढ्या टर्नमध्ये कोथॉनच्या शहरातून आरमार उतरवा आणि राजधानी हलवायची असेल तर तो प्रकल्प पहिल्याच टर्नला सुरू करा.